लीलाताई हात मागे बांधतात

पिंकलच्या कार्डावर ते शब्द मी लिहिले. लीलाताईंनी नाही, डॉक्टरांनी नाही, मी. निळ्या पेनाने, रकान्याच्या रेषेबाहेर एकही काना जाऊ न देता मी लिहिलं होतं, 'आईचे गोळ्यांचे व्यसन'. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी लीलाताईंबद्दल जे लिहिणार आहे, ते वाचताना मी पहिल्यापासून त्यांच्या बाजूचा होतो असा कोणाचा समज व्हायला नको. पुढे झालो असेन. त्या दिवशी नव्हतो.

मी मूळचा चिपळूणचा. प्रशासनात कारकून. दमणहून सिल्वासाला बदली झाली ती एका दोन खोल्यांच्या केंद्रात. तीन वर्षांखालची जी मुलं वेळेवर मान धरत नाहीत, बसत नाहीत, बोलत नाहीत, त्यांच्यासाठी हे केंद्र. काही मुलं अपुऱ्या दिवसांची असत. काहींच्या आयांनी पोटात मूल असताना दारू घेतलेली असे, काहींनी गोळ्या. या वयात मेंदू भराभर शिकतो, म्हणून इथे उपचार जितका लवकर तितका चांगला. केंद्राचं सरकारी नाव लांबलचक होतं. रिक्षावाल्याला ते सांगून उपयोग नसे. 'बॉलवाळी रूम' म्हटलं की तो बरोबर दारात आणून सोडायचा. व्यायामाचा एक भलामोठा जांभळा बॉल खिडकीतून रस्त्यावर दिसे, त्यावरून ते नाव पडलेलं.

मी रुजू व्हायला गेलो तेव्हा दारात एक पन्नाशीच्या बाई उभ्या होत्या. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला आणि पायात शाळेच्या मुलांचे पांढरे कॅनव्हासचे बूट. मी बदलीचा आदेश पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. काखेतलं मूल माझ्याकडे दिलं.

"धरा."

"मी ऑफिसचा... सावंत. नवीन क्लार्क."

"तेच म्हणते ना, धरा. आतमधी दुसरा लोळून राह्यला, त्याला उचलते. आणि मानेखाली हात ठेवा. फाइल नाही ती."

पाच मिनिटांत माझा इस्त्रीचा शर्ट खांद्यापासून खिशापर्यंत ओला झाला. लीलाताई परत आल्या, शर्टाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "झाली हजेरी."

त्या शिरपूरकडच्या. नवरा सूत कारखान्यात फिटर म्हणून इकडे आला, त्याच्याबरोबर त्याही आल्या. आधी पाळणाघरात आया होत्या, मग कुठलंसं काही महिन्यांचं प्रशिक्षण घेतलं. कागदोपत्री हुद्दा 'सहायक'. व्यायाम ठरवून देणाऱ्या थेरपिस्ट मॅडम आठवड्यातून दोनदा येत. बाकीचे दिवस केंद्र म्हणजे लीलाताई.

बोलण्याची त्यांची एक उलटी रीत होती. मुलांना त्या 'साहेब' आणि 'मॅडम' म्हणत, आणि मोठ्या माणसांना, अगदी वरच्या अधिकाऱ्यालाही, 'भाऊ'. एकदा खरोखरचे साहेब पाहणीला आले असताना त्यांनी मोठ्याने हुकूम सोडला, "साहेब, पाय वर!" दारातल्या साहेबांनी दचकून पाय उचलला. चटईवरच्या साहेबांनी मात्र काही केल्या उचलला नाही.

त्याच भेटीत अजून एक प्रसंग घडला. लीलाताईंचं मुख्य औषध म्हणजे कुरमुरे. स्टीलच्या ताटलीत त्या ते विरळ पसरून ठेवत आणि मुलांना एकेक उचलायला लावत. मूठ भरून घेणं सोपं असतं. अंगठा आणि शेजारचं बोट जुळवून एकच दाणा उचलणं हे मुलासाठी मोठं काम. साहेब चौकशी करता करता त्या ताटलीतले कुरमुरे मुठीने खाऊ लागले. लीलाताईंनी त्यांचं मनगट धरलं.

"भाऊ, मूठ नाही. एकेक. परीक्षेची ताटली आहे ती."

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा साहेब चवड्यावर बसून एकेक कुरमुरा उचलत होते. दहा झाल्यावर लीलाताई म्हणाल्या, "पास." साहेब इतके खूश झाले की निघताना त्यांनी जीपमधून हात हलवला. तोही अंगठा आणि बोट जुळवूनच.

पण लीलाताई म्हटलं की मला आठवते ती त्यांची थांबण्याची पद्धत. मूल खेळण्याकडे हात नेत असे. हात अर्ध्यात अडकायचा, थरथरायचा. आईचा जीव वरखाली व्हायचा, ती खेळणं उचलून मुलाच्या हातात द्यायला जायची. लीलाताई म्हणत, "थांब व माय. त्याचं त्याला करू दे." आणि स्वतः दोन्ही हात पाठीमागे नेऊन पदराच्या टोकात गुंडाळून घेत. मी विचारलं, हे कशासाठी? म्हणाल्या, "माझे हात लई आगाऊ आहेत भाऊ. बांधले नाहीत तर मदत करून टाकतात. आपण धरलं की मूल तिथंच थांबतं."

त्या थांबत. कधी मिनिटभर, कधी पाच मिनिटं. खोलीत पंख्याशिवाय आवाज नसायचा. मग कधीतरी त्या मुलाचं बोट खेळण्याला टेकायचं आणि लीलाताई अशी आरोळी ठोकायच्या की शेजारच्या ऑफिसातून कोणीतरी भिंतीवर थाप मारायचं.

खेळणी म्हणाल तर त्यांनी ती कारखान्यांच्या फाटकांवरून गोळा केलेली. सूत गुंडाळायचे पुठ्ठ्याचे कोन इथे पैशाला पासरी. चेपलेले, वाकलेले कोन कारखाने फेकून देतात. लीलाताई रिक्षा भरून ते आणत. एकावर एक चढवले की मनोरा, आडवे लावले की बोगदा, दोन एकमेकांवर आपटले की ढोलकी. गलोंड्याच्या एका कारखान्याच्या मॅनेजरने त्यांना ऑफिसात बसवून चहा दिला आणि म्हणाला, "बेन, कोन काय मागता? आम्ही नवी खेळणी देतो. मोठं बॅनर लावू, फोटो काढू."

"फोटो नको भाऊ. वाकडे कोन द्या. आणि तुमच्याकडे पॅकिंगला ज्या बाया आहेत ना, त्यातल्या तिघींची पोरं माझ्याकडे येतात. त्यांना गुरुवारी अर्धा दिवस द्या. पगार कापा, पण नोकरी कापू नका."

मॅनेजर म्हणाला, पुरावा काय? लीलाताईंनी केंद्राचं कार्ड दाखवलं. तेव्हापासून ठरलं की गुरुवारी फाटकावर कार्ड दाखवायचं आणि दुपारी सुटायचं. हे त्यांनी चहाच्या एका कपात मिळवलं होतं. ते मी पेनाच्या एका ओळीत कसं घालवलं, तेच आता सांगायचं आहे.

त्या तिघींतली एक रमिला. सुरंगीची, बावीस-तेवीसची. बारा तास उभं राहून खोकी भरायची. कंबर जायची, तेव्हा शेजारच्या बाईने गोळी दिली. गोळीने दुखणं जायचं आणि अंगात तरतरी यायची. मग एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. दिवस राहिले तेव्हा तिला सोडायच्या होत्या, सुटल्या नाहीत. मुलगी जन्मली ती कमी वजनाची, सतत किंचाळणारी. तीच ही पिंकल. आमच्याकडे आली तेव्हा अकरा महिन्यांची होती आणि मान लटपटत होती.

रमिलाने हे सगळं एकट्या लीलाताईंना सांगितलं होतं. लीलाताईंनी तिला रागावून काही म्हटलं नाही. तिला डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सोडवण्याचा उपचार सुरू केला. डॉक्टरांचा कागद बंद पाकिटातून फाइलला लावायला माझ्याकडे आला. एवढाच माझा संबंध असायला हवा होता.

आमच्या फॉर्मवर आणि कार्डावर 'कारण' नावाचा एक रकाना होता. लीलाताई तो कधी भरत नसत, आडवी रेघ ओढत. उलट पहिल्या पानावर, जिथे कसलाच रकाना नव्हता, तिथे त्या आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात मुलाला काय येतं ते लिहीत. 'हसतो.' 'भांडं पडलं की वळते.' पिंकलच्या पानावर होतं, 'रागावते. चांगली रागावते.'

"कारण लिहा ना," मी म्हणायचो.

"कारण घेऊन काय करू? कारणाला व्यायाम देता येतो का?"

वरून फॉर्म परत आले. रिकामे रकाने चालणार नाहीत. मी त्या दुपारी पाकिटं उघडली आणि सगळे रकाने भरले. फॉर्म आणि कार्ड जुळलं पाहिजे म्हणून कार्डंही भरली. खरं सांगतो, मला त्या दिवशी समाधान वाटलं होतं. काम चोख झाल्याचं समाधान.

गुरुवारी रमिलाने फाटकावर कार्ड दाखवलं. त्या दिवशी तिथे ठेकेदाराचा नवा माणूस होता. त्याने ते उलटून पाहिलं आणि रांगेतल्या सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. शिफ्ट बदलत होती, दोन्ही शिफ्टच्या बायका होत्या. कोणीतरी हसलं. दुसऱ्या दिवसापासून कामावर येऊ नकोस, असं तिला सांगितलं.

हे आम्हाला कळलं ते बरोबरच्या दुसऱ्या आईकडून. रमिला त्या गुरुवारी आली नाही. पुढच्या गुरुवारी नाही. पिंकल आदल्याच आठवड्यात कोनांच्या आधाराने क्षणभर बसली होती. लीलाताई थेरपिस्ट मॅडमना म्हणाल्या, "आता हिचे दिवस वाया नाही जायला पाहिजेत. आता जे जाईल ते परत आणायला दुप्पट मेहनत."

चौथ्या रविवारी त्या मला म्हणाल्या, "सावंतभाऊ, सुरंगीला चला. कोन उचलायला माणूस पाहिजे."

मी गेलो. इको गाडीत मांडीवर कोनांचं पोतं घेऊन बसलो होतो आणि तोंड उघडायचं की नाही याचा विचार करत होतो. रस्ता संपला, विचार संपला नाही.

घर सापडलं. रमिलाची सासू अंगणात नागली पाखडत होती. लीलाताईंना पाहून ती सूप घेऊनच उठली.

"तुमीच लिवला ना? माझी सून तुमाला सांगं, न् तुमी कागदाव लिवला. आख्ख्या कंपनीत बदनाम केला तिला. आता कशाला आलंव?"

मी लीलाताईंच्या मागे उभा होतो, पोतं छातीशी धरून. बोलायला हवं होतं. 'आजी, यांनी नाही, मी.' चार शब्द. ते माझ्या तोंडापर्यंत आले आणि तिथेच राहिले. लीलाताई एकदा माझ्याकडे वळल्या. बघितलं. मग परत सासूकडे तोंड करून म्हणाल्या, "चूक झाली माय. आमच्याकडून झाली."

झोपडीच्या दारात रमिला उभी होती. ती वळून आत गेली.

पुढच्या रविवारी लीलाताई पुन्हा निघाल्या. "घरात घेणार नाहीत," मी म्हटलं. "घरात कोणाला जायचंय? अंगणात बसू." त्या खरोखरच अंगणाच्या कडेला आंब्याखाली चटई टाकून बसल्या. शेजारची चार पोरं जमली. कोनांचे मनोरे झाले, ढोलक्या वाजल्या. लीलाताईंनी ताटलीत कुरमुरे पसरले, तर सासूच्या कोंबड्या धावून आल्या.

सासू लांबून ओरडली, "कोंबड्यांना शिकवाया आली का गं?"

"यांना काय शिकवू? यांना येतंच. बघा ना, एकेक उचलतात. मूठ नाही भरत. कोंबडी पहिल्या नंबराने पास!"

सासूने हसू दाबण्यासाठी तोंडावर पदर घेतला. पण दाबलं गेलं नाही. थोड्या वेळाने ती पिंकलला काखेत घेऊन आली. "हिला कोंबड्या आवडतात, म्हणून आणली," ती म्हणाली, "तुमच्यासाठी नाय."

"बरोबर आहे. या मॅडम, बसा."

असे कितीतरी रविवार गेले. मी पोतं उचलायला जात राहिलो. कधीतरी रमिला बाहेर येऊन बसू लागली. कधीतरी गोळ्यांचा उपचार पुन्हा सुरू झाला. लीलाताईंनी तिला रांधा गावातल्या एका छोट्या कारखान्यात लावून दिलं, बसून करायचं काम. आणि एका गुरुवारी, मी टेबलाशी असताना, दारात त्या दोघी दिसल्या. पिंकल रागावली होती. चांगली रागावली होती.

मी या काळात काय केलं? मी नवीन कार्डं तयार केली. साहेबांच्या मागे लागून 'कारण' हा रकाना कार्डावरून काढायला लावला. जुनी सगळी कार्डं परत घेतली, नवी हाताने लिहिली, पहिल्या पानावर 'काय येतं' असा रकाना छापून घेतला. साहेबांनी शाबासकी दिली. लीलाताईंनीही कार्ड उलटून पाहिलं आणि म्हणाल्या, "छान झालं." आणि थांबल्या. मला वाटलं अजून काही बोलतील. बोलल्या नाहीत. मी म्हटलं, "चहा सांगू का?"

रमिला दर गुरुवारी माझ्या टेबलावरून कार्डावर शिक्का मारून घ्यायची. "शिक्का, सायेब." मी शिक्का मारायचो. प्रत्येक वेळी जरा जास्तच जोरात.

पिंकल दोन वर्षं आणि काही महिन्यांची झाली तेव्हा चालली. जांभळ्या बॉलपासून कोनांच्या मनोऱ्यापर्यंत, पाच पावलं. रमिला मनोऱ्याशी बसली होती. तिसऱ्या पावलावर पिंकल झुकली आणि आम्ही सगळे पुढे सरकलो. लीलाताई सरकल्या नाहीत. हात पाठीमागे, पदरात गुंडाळलेले, ओठ घट्ट मिटलेले. पिंकल सावरली आणि मनोऱ्यावर जाऊन कोसळली. कोन खोलीभर उडाले. शेजारच्या ऑफिसातून भिंतीवर थाप पडली, आणि लीलाताईंनी त्यांच्या भिंतीवर दोन थापा मारून उत्तर दिलं.

बोलणं अजून मागे आहे. शब्द चार-पाचच आहेत. पण शब्द येत आहेत.

या वर्षी लीलाताईंचा नवरा निवृत्त झाला आणि त्या शिरपूरला मुलाकडे जायला निघाल्या. शाल-श्रीफळ त्यांनी देऊ दिलं नाही. "शाल इथल्या उकाड्यात? नारळ फोडा, पोरांना वाटा." शेवटचा दिवस गुरुवार होता. दुपारी त्या बाकावर बसून कॅनव्हासच्या बुटांची नाडी बांधत होत्या. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"ताई, ते पिंकलच्या कार्डावरचं... ते मी लिहिलं होतं."

त्यांनी नाडीची गाठ पुरी केली. मग दुसरा बूट घेतला.

"मला ठाऊक आहे ना. तुमचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. माझं म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखं. रमिलालाही वाचता येतं भाऊ. फाटकावरून कार्ड परत हातात आलं त्याच दिवशी तिला कळलं असंल."

"मग तुम्ही त्या दिवशी अंगणात का नाही..."

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले."

"अहो, दीड वर्ष होऊन गेलं!"

"हो ना. गंज वेळ लावला तुम्ही." आणि त्या हसायला लागल्या, खांदे हलेपर्यंत. "पिंकलमॅडम तुमच्या आधी चालल्या बघा."

मला हसावं की काय करावं कळेना. मी म्हणालो, "माफ करा, ताई."

"मला काय म्हणता? मी दोन शिव्या खाल्ल्या, पचल्या. जिचं गेलं ती बाहेर बसली आहे." त्यांनी हनुवटीने व्हरांड्याकडे खूण केली.

मी बाहेर गेलो. रमिला पायरीवर बसली होती, हातात नवं कार्ड. पिंकल शेजारी कोन डोक्यावर घालून उभी होती. मला पाहून रमिलाने सवयीने कार्ड पुढे केलं.

"शिक्का, सायेब?"

मी कार्ड घेतलं नाही. माझ्या वयाच्या माणसाने खाली पायरीवर बसायला किती वेळ लावावा, तेवढा मी लावला. मग मदतीसाठी मागे वळून पाहिलं. लीलाताई दारात आल्या होत्या. प्रवासाची पिशवी पायाशी, ओठ घट्ट मिटलेले आणि दोन्ही हात पाठीमागे, पदरात गुंडाळलेले.

त्या काही मदत करणार नव्हत्या.

मी रमिलाकडे वळलो आणि म्हणालो, "रमिला, तुझ्या जुन्या कार्डावर ते मी लिहिलं होतं. लीलाताईंनी नाही. तुझी नोकरी माझ्यामुळे गेली. सुरंगीला तुझ्या अंगणात उभा राहूनही मी गप्प बसलो. माझं चुकलं. मला माफ कर."